लुईस आणि श्रुती

मुलांनो, आमच्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. ‘फरीद’ हा अरबी शब्द. अर्थ, ज्याच्यासारखा दुसरा कोणी नाही असा. नाव दूरदेशीचं, पण इथं ते कुणालाच परकं वाटत नाही. हिंदू, मुसलमान सगळेच ते नाव घेत टेकडी चढतात.

पण प्रत्येक परक्या नावाचं नशीब असं नसतं! काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी शिकवत होते. चौथीच्या वर्गात एक नवा मुलगा आला, मूळचा गोव्याचा. नाव लुईस. मी हजेरीत नाव घेतलं आणि बाकावरून आवाज आला, “रुई आली रे, रुई!” कापसाचा मुलूख आमचा, सगळा वर्ग खो खो हसला. खोटं कशाला सांगू, मलाही हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी लुईस समोर बसलेला असूनही ‘हजर’ म्हणाला नाही.

मला फार वाईट वाटलं. मग मी पुस्तकं काढून बसले.

हे नाव मूळचं जुन्या जर्मन टोळ्यांचं. दीड हजार वर्षांपूर्वी ते ‘ह्लूडविग’ असं काहीसं होतं. ‘ह्लूड’ म्हणजे कीर्तिमान, ज्याचं नाव चहूकडे ऐकू येतं तो. ‘विग’ म्हणजे लढाई. रणात नाव कमावलेला! आपल्या रणजितचा चुलतभाऊच म्हणा ना. पुढे तो ‘ह’ गळाला. जर्मनीत ‘लुडविग’ झालं, फ्रान्समध्ये ‘लुई’, पोर्तुगालमध्ये ‘लुईश’. पोर्तुगीजांबरोबर ते गोव्यात उतरलं. फ्रान्सच्या राजांना तर ते इतकं आवडायचं, की मोजता मोजता अठरावा लुई उजाडला!

मला मात्र आवडतो तो लुई ब्रेल. जन्म १८०९ चा. वडील घोड्यांचे खोगीर-लगाम बनवायचे. तीन वर्षांचा असताना त्यांच्याच कामाचं टोकदार हत्यार डोळ्यात गेलं, आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पंधराव्या वर्षी या मुलानं सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. आज जगभरचे अंध त्याच लिपीत बोटांनी वाचतात.

आणि आपल्या गोव्यात चांदर गावी १८७८ साली जन्मले लुईश द मेनेझिस ब्रागांझा. पत्रकार माणूस. पोर्तुगीजांच्या राज्यात राहून, पोर्तुगीज भाषेतच ते त्या सरकारवर टीका करत. पणजीत त्यांच्या नावाची संस्था आहे.

आता खरी गंमत ऐका. संस्कृत आणि जर्मन भाषा एकाच फार जुन्या कुळातल्या. आपल्याकडे जिथं ‘श’ आला, तिथं त्यांच्याकडे पुष्कळदा ‘ह’ आला. आपलं ‘शत’, इंग्रजीत ‘हंड्रेड’. आपलं ‘श्वान’, त्यांचं ‘हाउंड’. तसंच ‘ह्लूड’चं. ‘ह’च्या जागी ‘श’ ठेवा, ‘ल’च्या जागी ‘र’. काय मिळतं? ‘श्रुत’! म्हणजे ऐकलेलं, ख्यात. ‘श्रुती’ हे नावही त्याच धातूचं. आणि ‘ल’चा ‘र’ तर ‘रुई’ म्हणताना माझ्या वर्गानं न शिकवताच केला होता.

हे सगळं मी फळ्यावर लिहून दाखवलं. वर्ग चिडीचूप. कारण ‘रुई’ हे नाव काढलं होतं आमच्या श्रुतीनंच.

हजेरी झाली. ‘हजर’ आलं, अगदी हळू आवाजात. मधल्या सुट्टीत पाहिलं तर श्रुती त्याच्या बाकापाशी उभी. विचारत होती, “मग आता मला तुला राखी बांधावी लागेल का रे?”