कडब्याची कोप

मागच्या वेळा अमावस्येला आमच्या शेतात दगड मांडून केलेल्या पांडवांवर कोप, म्हणजे खोपी, उभी राहिली ती मंडपवाल्याच्या कापडाची. कडब्याच्या पाच पेंड्या हव्या होत्या, अख्ख्या गावात मिळाल्या नाहीत. त्याआधी दिवाळीत थोरल्या भावानं शेवटची देवणी बैलजोडी विकली होती. ही दोन दुःखं एकाच घरची आहेत, हे त्या कापडाखाली जेवताना कळलं.

आमचं उदगीर म्हटलं की बाहेरच्यांना किल्ला आणि 1760ची लढाई आठवते. निजामाचं राज्य 1948ला गेलं, 1972चा दुष्काळ थोरल्यांनी खडी फोडून काढला, हे मी ऐकलेलं. 1982ला उस्मानाबादपासून लातूर वेगळा झाला, तेव्हा मी शाळेत. मला ठाऊक आहे ते त्याच दशकातलं गाव.

खरिपाला हायब्रीड ज्वारी, मूग, उडीद, तूर; रब्बीला मालदांडी ज्वारी नि करडई. दाणे माणसाला, कडबा जनावराला. कडब्याची बनीम घराहून उंच असायची आणि पोरगी द्यायला आलेले सोयरे आधी ती बघायचे. देवणी बैल आम्ही पोरं लांबूनच ओळखायचो. अंगभर काळे ठिपके तो शेवरा, पांढऱ्या अंगाचा पण तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, पोटाकडं ठिपके तो बालंक्या. वेळा अमावस्येला गाड्या जुंपायच्या. आंबिलाची बिंदगी सांडू नये म्हणून आई ती मांडीशी धरून बसायची. भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, आणि मग पिकावर आंबील शिंपत शेताला फेरी. काहींना त्या पंगतीत लांब बसवलं जाई. ते मोडलं, बरं झालं.

मग नव्वदीनंतर सोयाबीन आलं. तालुक्यातल्या एका बियाणेवाल्यानं वडिलांना चारचौघांत सुनावलं, "ज्वारी करून कोण मोठं झालंय?" वडील गप्प राहिले. मी कॉलेजात होतो, मीही त्याचीच री ओढली. ते मला अजून सलतं.

सोयाबीननं घराला स्लॅब दिला, पोरांच्या फिया भरल्या. खोटं बोलणार नाही. पण शंभर दिवसांत रास झाली की मागं उरतं ते भुसकट. त्यावर बैल पोसत नाही. कडबा संपला म्हणून बैल गेले, बैल गेले म्हणून शेणखत गेलं, आणि शेती गोणीच्या खतावर नि ट्रॅक्टरच्या भाड्यावर आली. एवढं करून 2024ला हमीभाव 4,892 रुपये आणि आडतीवरचा भाव त्याच्याही खाली. वडील चुकले नव्हते. त्या दुकानदाराला आणि मलाही आज हेच उत्तर.

दावणीला मी एक देवणी कालवड आणून बांधली आहे. उदगीर-देवणीकडच्या भावांनो, येत्या रब्बीला एकरभर तरी मालदांडी पेरा. कडबा मी रोखीनं घेईन.