कान मोकळे, हात कामात

परवा भिशीला एक मैत्रीण म्हणाली, "मी रोज पॉडकास्ट बघते." म्हटलं, बघतेस? ऐकायची गोष्ट ना गं ती? तर म्हणे, यूट्यूबवर दोघं माइकसमोर बसून बोलतात, तेच. तिचं काही चुकलं नाही, हल्ली पुष्कळ पॉडकास्ट तसेच येतात. पण मैत्रिणींनो, बघायला बसलं की हात थांबतात. आणि हात थांबवून बसायला आपल्याला वेळ कुठंय? रेडिओ आपल्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं टिकला तो यामुळेच. डोळे तव्यावर, हात कणकेत, कान तेवढे त्याच्याकडे.

शिवाय तो घड्याळाचंही काम करायचा. पुणे केंद्राच्या सात पाचच्या बातम्या सुरू झाल्या की डबे भरलेले असायलाच हवेत, हा कितीतरी घरांतला अलिखित नियम. २०२३ मध्ये तिथला वृत्तविभाग बंद करायचा निर्णय झाला, तेव्हा इतकी ओरड झाली की तो थांबवावा लागला. याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला 'गीतरामायण' सुरू झालं. दर आठवड्याला नवं गीत, अशी एकूण छप्पन. घरोघरी रेडिओ नव्हते, ज्यांच्याकडे असे तिथं शेजारपाजार जमायचा. सगळ्यांनी एकाच वेळी तेच ऐकलेलं, मग दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत बोलायला विषय तयार! मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावोजी तर लोकांना आपल्याच नात्यातले वाटायचे.

पॉडकास्टमध्ये ही मजा नाही. मी एक ऐकते, जाऊ दुसरंच काही. बोलणार काय?

शब्द तसा नवाच. २००४ मध्ये एका ब्रिटिश पत्रकारानं 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' जोडून तो सुचवला. २०२२ मध्ये आयपॉड बंद झाला, शब्द मात्र राहिला. पण खरा फरक वेगळाच आहे. रेडिओ घरातले सगळे ऐकतात, पॉडकास्ट एकटीच्या कानात वाजतो. पाळी जाताना होणाऱ्या त्रासावर डॉक्टरीणबाई रेडिओवर बोलायला लागल्या आणि ओसरीवर मामंजी बसलेले असले, की कुणीतरी हळूच बटण फिरवायचं. ज्या बाईला ते ऐकायची गरज, तिचंच ऐकणं राहायचं.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी मुलींच्या वारसाहक्कावरचा कार्यक्रम असाच इअरफोन लावून, भांडी घासता घासता ऐकला. २००५ च्या कायदा दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचाही मुलाइतकाच वाटा असतो, हे त्यांना पन्नाशीला आल्यावर कळलं. घरात कुणाला पत्ता नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी त्या तालुक्याला गेल्या आणि वकिलांना भेटून आल्या. भावाशी बोलायचं की नाही, ते अजून ठरत नाहीये. पण निदान ठरवण्यासारखं आपलं काही आहे, एवढं तरी कळलं ना!

याच गल्लीत दुसऱ्या एका काकूंनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. कुणी 'तज्ज्ञ' म्हणाले, गोळ्यांची गरजच नाही, आमचं चूर्ण घ्या. चक्कर येऊन पडल्या तेव्हा मुलाला समजलं. आकाशवाणीवर डॉक्टर यायचे ते केंद्रानं बोलावलेले, त्यांच्या बोलण्याला कार्यक्रम करणारा जबाबदार असायचा. इथं माइक विकत घेतला की झालात तज्ज्ञ! म्हणून मी आधी बघते, बोलणारा काही विकतोय का. विकत असला तर औषधपाण्याचं त्याचं एक अक्षर ऐकत नाही.

खर्चाचंही बघायला हवं. अर्ध्या तासाचा नुसता आवाज चांगल्या प्रतीचा घेतला तर साधारण तीस एमबी लागतात, तेच व्हिडिओ लावलात तर त्याच्या कितीतरी पट. वाय-फाय असेल तिथं भाग उतरवून ठेवा, मग नेट नसलं तरी चालतो. रेडिओचं तसं नाही. एकानं ऐका नाहीतर लाखानं, ऐकणाऱ्याला खर्च सेलचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, मोबाइल मुके झाले होते. अशा वेळी सेलवरचा ट्रान्झिस्टर घरात असलेला बरा.

आणि रेडिओ म्हणजे पुण्या-मुंबईचाच असं कुठंय? साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. तिथल्या बायका माणदेशी बोलीतच बोलतात. अशी केंद्रं ऐकू येतात जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर, पण बोलणारी बाई आपल्या बाजाराला येणारी असते. ते सुख मला अजून कुठल्या पॉडकास्टात मिळालेलं नाही.

आमच्या सासूबाईंना मात्र विचाराल, तर त्या पॉडकास्टच्या बाजूच्या. गेल्या महिन्यात त्यांना एक कथा लावून दिली. ऐन रंगात आली आणि दूध वर यायला लागलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्या बाईला जरा थांब म्हण." मी थांबवली. दूध उतरवून, ओटा पुसून त्या परत आल्या, तर कथा होती तिथंच. जरा वेळ फोनकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या मेलीच्या निम्म्या श्रुतिका अर्ध्याच राहिल्या. कधी पाहुणे, कधी लाइट, कधी तुझे मामंजी चहा मागायचे."