सीटखालचे बारा सेल

संपादकांना ब्रशावर लेख हवा होता. बंगळूरच्या गोदामांत, कारखान्यांत, मोठ्या इमारतींच्या तळघरांत माणूस वर बसून चालवतो ती झाडणारी यंत्रं आता कोणाला नवलाची वाटत नाहीत. ती कशी चालतात ते पाहून या आणि जमलं तर फोटो आणा, एवढंच काम होतं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतून तुमकूर रस्त्यानं नेलमंगलाकडे निघालं की दोन्ही अंगांना गोदामं लागतात. त्यांतल्या एका गोदामात मी गेलो. ब्रश पाहून झाला. बाजूचा तबकडीसारखा ब्रश भिंतीकडेचा कचरा मध्ये ओढतो, पोटाखालचा लांबट गोल ब्रश तो डब्यात भिरकावतो, पंखा उडालेली धूळ फिल्टरवर खेचून धरतो. पाच मिनिटांत कळण्यासारखं आहे सगळं. रस्त्यांवर रात्री फिरणाऱ्या झाडूगाड्या ट्रकएवढ्या आणि डिझेलच्या. ही त्यांची छपराखाली काम करणारी भावंडं. धूर चालत नाही म्हणून बॅटरीवरची.

मग चालकानं सीट उचलून मागे टेकवली. खाली चार जाड काळ्या पेट्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या आणि त्यांच्यावर एक गृहस्थ काचेची नळी घेऊन वाकले. लेखाचा ब्रश तिथेच सुटला.

हे गृहस्थ खानापूर तालुक्यातले. वय साठीकडे झुकलेलं. गोदामात कन्नड, तमिळ, ओडिया बोलणारी पोरंही त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हटलं. यंत्र धुणं, ब्रश बदलणं, फिल्टर झटकणं ही दुसऱ्यांची कामं. मामांकडे फक्त बॅटऱ्या. प्रत्येक पेटी ६ व्होल्टची, तिच्यात २-२ व्होल्टचे तीन सेल. चार पेट्या ओळीनं जोडल्या की बारा सेल आणि २४ व्होल्ट. ओळीनं जोडलेल्या बाराजणांत एक आजारी पडला तर बाकीचे अकरा धडधाकट असून उपयोग नाही, कारण वीज सगळ्यांतून एकामागून एक जाते. मामांच्या वहीत म्हणूनच दर आठवड्याला प्रत्येक यंत्रापुढे बारा आकडे असतात. सरासरी नसते. सरासरी काढली की आजारी सेल लपतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते पटण्यासारखं आहे.

बंगळूरला आपला विजेचा इतिहास सांगायची हौस आहे आणि तिला कारणही आहे. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्याची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये विजेच्या मोटारी बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक काढली ती याच गावात. आणि २००१ मध्ये रेवा नावाची चिमुकली विजेची गाडी इथल्याच कारखान्यातून बाहेर पडली. मामांना या सनावळीतली रेवा तेवढी ठाऊक आहे, कारण तेव्हा ते एका बॅटरीच्या दुकानात होते. रेवाच्या सीटखाली ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या असत, याच जातीच्या: शिशाच्या प्लेटा, गंधकाचं आम्ल आणि पाणी. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं ही जोडी जमवली. पुढे सुधारणा पुष्कळ झाल्या, मूळ मामला तोच राहिला.

त्या काचेच्या नळीला हायड्रोमीटर म्हणतात. वर रबराचा फुगा, खाली रबराची चोच, आत एक तरंगता काचेचा दांडा. फुगा दाबून चोच सेलमध्ये बुडवायची, सोडली की आम्ल नळीत चढतं आणि दांडा त्यात तरंगू लागतो. आम्ल जड असेल तर दांडा उंच, पातळ असेल तर खोल. मामा आकडा मोठ्यानं सांगतात: बाराशे साठ, बाराशे पासष्ट, बाराशे साठ. पुस्तकात ते १.२६० असं लिहितात, म्हणजे पाण्यापेक्षा एवढ्या पटीनं जड. या धंद्यात दशांश चिन्ह कोणी उच्चारत नाही. पूर्ण भरलेला सेल १२८०च्या आसपास, रिकामा होत आला की ११५०च्या खाली.

आकडा का हलतो, यात या बॅटरीचं सगळं शास्त्र आहे, आणि मला ते यापूर्वी इतकं डोळ्यांदेखत कोणी दाखवलं नव्हतं. वीज देताना आम्लातला गंधकाचा भाग दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे पाणी उरतं. म्हणून आम्ल पातळ होतं, दांडा बुडतो. चार्जिंगला लावलं की तोच भाग प्लेटा सोडून परत आम्लात येतो, दांडा वर चढतो. यंत्राच्या पुढच्या पट्टीवर बॅटरीचे दिवे असतात, पण दिवे साऱ्या बॅटरीचं मिळून बोलतात. नळी एकेका सेलची साक्ष काढते. नळी डोळ्यांच्या पातळीला धरायची, दांडा काचेला चिकटला असेल तर टिचकी मारायची, नुकतंच पाणी घातलेल्या सेलचा आकडा धरायचा नाही कारण पाणी अजून वरच तरंगत असतं. ऊनही हिशेबात घ्यावं लागतं. आकडे २७ अंशांचे धरलेले असतात. आम्ल १० अंशांनी जास्त तापलेलं असेल तर आकड्यात ७ मिळवायचे. मामा हे तोंडी करतात. बंगळूरची हवा बॅटरीला मानवते, असं ते वर सांगतात. ते खरंच आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य ढोबळमानानं निम्म्यावर येतं, तेव्हा हेच यंत्र चंद्रपूरच्या मे महिन्यात काय भोगत असेल त्याचा विचार करावा.

त्या दिवशी बारातला सातवा सेल बाराशे दहा निघाला. मागच्या आठवड्यात तो बाराशे पंचवीस होता, वहीत होतं. मामांनी यंत्र बाजूला घ्यायला लावलं आणि चार्जिंग पुरं झाल्यावर वर आणखी काही तास मंद चार्ज द्यायचं ठरवलं. मागे पडलेल्या सेलला बाकीच्यांच्या रांगेत आणायची ही रीत. तो वेळेत आला नाही तर गंधकाचं मीठ प्लेटांवर कडक होऊन बसतं आणि मग काही केल्या विरघळत नाही. गोदामाच्या पर्यवेक्षकाला ते पसंत नव्हतं. यंत्र चालत होतं ना.

चालणाऱ्या यंत्रातही एक हट्टी गोष्ट आहे आणि ती मला फार आवडली. बॅटरी साधारण ८० टक्के उतरली की ब्रश आपोआप बंद पडतो. चाकं मात्र फिरत राहतात. उरलेली वीज चार्जरपर्यंत परत जाण्यासाठी. यंत्र म्हणतं, घरी चल, काम उद्या. नवे चालक यावर तोडगा काढतात: किल्ली बंद करून चहाला जायचं, तेवढ्यात व्होल्टेज थोडं सावरतं, पुन्हा चालू केलं की ब्रश फिरतो. चांगल्या बनावटीच्या यंत्रांत ही पळवाट बुजवलेली असते, पुरेसं चार्जिंग झाल्याशिवाय ब्रश सुटतच नाही. या गोदामातल्या जुन्या यंत्रात ती उघडी आहे.

मामांच्या अंगावर टेरिलिनचा शर्ट होता. सुती कपड्याला आम्ल खातं, आणि खाल्लेलं तेव्हा दिसत नाही. धुऊन आल्यावर भोकं पडलेली दिसतात. टेरिलिन टिकतं. त्यावर रबराचा एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. अंगठी नाही, घड्याळ नाही. पान्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली, कारण उघडा पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर त्यातून एका क्षणात शेकडो, प्रसंगी हजारांनी अँपिअर वाहतात. पाना लाल होतो, शिसं वितळून उडतं. जवळ पाण्याचा नळ आणि खाण्याच्या सोड्याचा डबा. सांडलेल्या आम्लावर सोडा, डोळ्यात उडालं तर नुसतं पाणी, पण निदान पंधरा मिनिटं सतत, आणि मग दवाखाना.

पण आम्लापेक्षा मामा ज्याला वचकून असतात ते दिसत नाही. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात सेलमध्ये विजेला काम उरत नाही, मग ती पाण्याचीच फोड करते: हायड्रोजन आणि ऑक्सिजन. प्रत्येक सेल दर अँपिअरमागे तासाला सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन सोडतो. बारा सेल, १० अँपिअर, म्हणजे तासाला ५० लिटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते, आणि ५० लिटर सव्वा घनमीटर हवा पेटण्याजोगी करतात. सीटखालचा कप्पा त्याहून लहान. म्हणून चार्जिंगच्या वेळी सीट उचललेली हवीच, खोलीला छताजवळ वाट हवीच, कारण हा वायू सगळ्यांत हलका, वरच जाऊन बसतो. प्लग काढायच्या आधी चार्जरचं बटण बंद करायचं, उलट केलं तर ठिणगी नेमकी वायूच्या तोंडाशी पडते. विडी ओढणाऱ्याला मामा खोलीच्या दारात उभं राहू देत नाहीत. तिथे त्यांचा आवाज चढतो.

आणि पाणी. उडतं ते पाणी, आम्ल आत राहतं. म्हणून भरायचं तेही फक्त पाणी, डिस्टिल्ड. भरायचं चार्जिंग झाल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगच्या वेळी पातळी वर येते, आम्ल बाहेर उतू जातं, लोखंडी कप्पा खातं आणि सेलचा आकडा कायमचा घसरतो. आधी घालायचं ते फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर, आणि तेही त्या जेमतेम बुडतील एवढंच.

हे सगळं साधं आहे. कोणालाही महिन्याभरात शिकवता येईल. तरी बॅटऱ्या का मरतात, हे विचारल्यावर मामा जे सांगू लागले त्याला अंत नव्हता.

डिस्टिल्ड पाण्याचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हेच ठरलेलं नसतं. यंत्र भाड्याचं, सफाईचं काम ठेकेदाराकडे, वीज जागेच्या मालकाची. पाणी तिघांच्याही करारात नाही. मग कोणी बोअरचं पाणी ओततं. बंगळूरच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. लोह आणि क्लोराइड सेलमध्ये गेलं की परत काढता येत नाही. शुद्ध करून बाटलीत भरलेलं पिण्याचं पाणीही चालत नाही, पोटाला चालतं ते प्लेटांना चालेलच असं नाही. एअर कंडिशनरच्या नळीतून ठिबकणारं पाणी फुकट मिळतं आणि डिस्टिल्डसारखं दिसतं. ते येताना तांब्या-ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून धूळ घेऊन येतं. २०२४ च्या मार्चमध्ये शहरात पाण्याची ओरड झाली तेव्हा माणसांनाच टँकर मिळेना, यंत्रांना कोण विचारतो. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून, सुमारे ५०० मीटर उंच चढवून या गावात आणतात. त्याचा पाचवा टप्पा त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाला, पण तुमकूर रस्त्यावरच्या गोदामांचा भरवसा अजून टँकरवरच.

दुसरं दुखणं जेवणाच्या सुट्टीचं. अर्धा तास मिळाला की यंत्र चार्जिंगला लावायचं, हे दिसायला शहाणपणाचं. या जातीच्या बॅटरीला पूर्ण चार्जिंगला आठ-दहा तास आणि नंतर थंड व्हायला वेळ हवा. तुकड्या-तुकड्यानं भरली की ती कधीच पुरी भरत नाही, आणि अर्धवट भरलेल्या प्लेटांवरच मीठ कडक होतं. पण दोन पाळ्यांच्या गोदामात आठ तास यंत्र उभं ठेवा म्हणायची सोय नाही. त्यासाठी दुसरा बॅटरीसंच हवा. दुसरा संच महाग, म्हणून पहिला लवकर मारायचा, असा हा हिशेब.

तळघरांची गोष्ट मामांनी हात झटकून सोडून दिली. आयटी पार्कांच्या तळघरांत चार्जिंगची जागा जिन्याखाली, छत बंद. पंखा असतो, पण माणसाच्या उंचीवर.

मेलेली बॅटरी मात्र लगेच विकली जाते. वजनानं निम्म्याहून जास्त शिसं, त्याला भाव आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन नीट गाळायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली. त्याआधी २००१ चे नियम होतेच. पण भंगारवाला जागेवर रोख देतो. अशा बॅटऱ्या कुठेतरी मागच्या अंगणात फोडल्या जातात, आम्ल गटारात, शिसं कढईत. लहान मुलांच्या रक्तात शिशाचं कितीही थोडं प्रमाण निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. ठेकेदाराच्या हिशेबात मात्र ही विक्री जमेच्या बाजूला येते. मला इथे वाटतं, बॅटरीच्या सांभाळाची गोष्ट करताना आपण हायड्रोमीटरवर थांबतो, ही आपली सोय आहे.

यावर उत्तर म्हणून लिथियम येतंय. देवनहळ्ळीजवळ एक्साइडनं लिथियम सेलचा मोठा कारखाना उभारायला घेतला. गोदामातही गेल्या वर्षी एक लिथियमचं यंत्र आलं. त्याला पाणी नको, हायड्रोजन नाही, जेवणाच्या सुट्टीत खुशाल भरा. मामांना त्याचा राग नाही. पण त्यांनी मला चार्जरचा प्लग दाखवला. जाड, लाल. हे प्लग व्होल्टेजप्रमाणे रंगाचे असतात, २४ व्होल्टचा लाल, ३६ चा राखाडी, ४८ चा निळा, आणि एका रंगाचा दुसऱ्यात बसतच नाही. चुकीला जागा राहू नये म्हणून कोणी तरी डोकं लढवलंय. फक्त त्यानं रंग व्होल्टेजला दिला, बॅटरीच्या जातीला नाही. शिशाची बॅटरी २४ ची, लिथियमचीही २४ चीच. दोन्ही प्लग लाल. मंद चार्ज द्यायला लावलेला जुना चार्जर नव्या यंत्रात विनातक्रार बसतो, आणि तो चार्ज लिथियमच्या सेलला मानवणारा नाही. आतलं इलेक्ट्रॉनिक्स त्याला अडवेल. त्यानं अडवावं या भरवशावर सगळं आहे.

प्लगचा रंग बदलायला अर्धा तास लागेल. पण यंत्र भाड्याच्या कंपनीचं, चार्जर जागेच्या मालकाचा, आणि मामा तिसऱ्याच ठेकेदाराच्या हजेरीपटावर. त्या ठेकेदाराचा करारही मार्चमध्ये संपतो. परवानगी कोणाकडे मागायची यावर दोन पत्रं गेली आहेत. तोवर मामा जुन्या चार्जरच्या खोलीची किल्ली स्वतःजवळ ठेवतात. रविवारी त्यांची सुट्टी असते, तेव्हा ती पर्यवेक्षकाकडे असते.