तारीख मिळाली, पण जायचं कसं?

“पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला दाखवायला या,” असं डॉक्टर सांगतात, केसपेपरवर तारीख लिहितात आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतात. गृहिणीची खरी विवंचना तिथून सुरू होते. जायचं कशानं, कोणाबरोबर, पैसे किती लागतील आणि परत कधी यायचं? तारीख सासूबाईंची किंवा मुलाची असली, तर ही सारी जुळवाजुळव ती बिनबोभाट करते. स्वतःची असली, की मात्र “आता बरं वाटतंय, कशाला उगीच खर्च?” म्हणून पुढे ढकलते. एक तारीख चुकते, मग दुसरी, आणि उपचार अर्धवट राहतात. गाठीची तपासणी असो की रक्तदाबाची, हे अंगाशी येतं.

म्हणून भगिनींनो, प्रवासाचा विचार तारीख घेतानाच करावा. “आमची पहिली एस.टी. साडेदहाला पोचते, अकरानंतरची वेळ मिळेल का?” एवढं विचारायला भीड कसली? उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल, तर ते आपल्याच गावी देऊन रिपोर्ट नेला तर चालेल का, हेही विचारावं. डायलिसिसला तर आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं आणि दर वेळी साधारण चार तास मोडतात. तिथे आपली पाळी बसच्या वेळेशी जुळवून घेतली नाही, तर घरच्या माणसांची फार ओढाताण होते.

आता खर्चाचं पाहू. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत सर्व स्त्रियांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. शहरातल्या बसला या सवलती लागू नाहीत. याखेरीज काही ठरावीक आजारांच्या रुग्णांनाही एस.टी. सवलत देते. आपला आजार त्यात बसतो का आणि कोणता दाखला लागतो, हे आगारात आधी विचारून ठेवा.

रेल्वेची सवलत पुष्कळांना ठाऊकच नसते. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाताना स्लीपर व थ्री-टायर ए.सी.चं भाडं पूर्ण माफ असतं. सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत मिळते. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अथवा मूत्रपिंडाच्या डायलिसिससाठी जाणाऱ्यांना आणि थॅलॅसेमियाच्या रुग्णांनाही याच वर्गांत ७५ टक्के सवलत आहे, आणि त्यांच्या एका सोबत्यालाही. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात इस्पितळाचा सही-शिक्क्याचा दाखला लागतो. डॉक्टरांना भेटल्या दिवशीच तो मागून घ्या, परतीच्या तिकिटाचंही तेव्हाच विचारा आणि तिकीट आरक्षणाच्या खिडकीवर जाऊन काढा. सांगली-मिरजेकडून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची पडते. सकाळी दादरला उतरलं, की रुग्णालय जवळ आहे. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया प्रवास करू शकतात. कागद मात्र पर्समध्ये असू द्यावेत.

रुग्णवाहिकेबद्दल बराच गैरसमज आहे. १०८ ही गाडी मोफत येते, पण ती तातडीच्या प्रसंगासाठी. छातीत कळ आली, अपघात झाला, श्वास लागला, तर “आधी रिक्षा बघू” म्हणत वेळ घालवू नका. सरळ १०८ फिरवा. नेहमीच्या तपासणीला मात्र तिला बोलावू नये. ती आपल्या दारात अडकली, तर दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. १०२ ची गोष्ट वेगळी. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या स्त्रीला घरून नेणं, गरज पडल्यास मोठ्या इस्पितळात हलवणं आणि बाळासह घरी सोडणं ही सोय २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमापासून मोफत आहे. सातव्या महिन्यातच आशाताईंना विचारून सारं नक्की करून ठेवावं. ऐन कळांच्या वेळी धावाधाव नको.

गावातल्या गावात जायचं, तर ओळखीचा रिक्षावाला बरा. जाऊन-येऊन आणि थांबण्याचे पैसे आधीच ठरवावेत. पाय प्लास्टरमध्ये असेल, तर रिक्षात तो वाकवता येत नाही. अशा वेळी मोटारीच्या मागच्या सीटवर पाय लांब सोडून बसवावं.

येतानाचा विचार तर आपण करतच नाही! डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले, की काही तास अंधुक दिसतं आणि उजेड सोसत नाही. गुंगीचं औषध देऊन दुर्बिणीची तपासणी झाली, तर त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही आणि एकटीनं परतायचंही नाही. जाऊबाई, शेजारच्या काकू, कुणाला तरी आधीच सांगून ठेवावं. आज त्या आपल्याबरोबर आल्या, तर उद्या आपण त्यांच्याबरोबर जाऊ.

दूधवाल्याचे आणि वाण्याचे पैसे आपण महिन्याच्या सुरुवातीला बाजूला काढतो. तसेच थोडे दवाखान्याच्या जाण्यायेण्याचेही काढावेत. आणि घरातल्या सगळ्यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिताना स्वतःची तारीखही तितक्याच ठळक अक्षरांत लिहावी. ती पाळायला घरच्यांची मदत हक्कानं मागावी!