अणूपुढे दोन वाटा, जगे किती?

समांतर विश्वांच्या कल्पनेला भौतिकशास्त्रात नेमके रूप दिले ते ह्यू एव्हरेट या अमेरिकी संशोधकाने, १९५७ साली. क्वांटम सिद्धांतात कणाची अवस्था एकाच वेळी अनेक शक्यता सामावून घेते. मोजमाप केले की हाती मात्र एकच उत्तर येते. बाकीच्या शक्यता त्या क्षणी पुसल्या जातात, असे रूढ स्पष्टीकरण होते. एव्हरेटचे म्हणणे असे की, या सिद्धांताच्या समीकरणात हे पुसणे कुठेच लिहिलेले नाही. म्हणून सगळी उत्तरे खरी, प्रत्येक विश्वाच्या आपापल्या शाखेत. प्रिन्स्टन विद्यापीठात त्याने मांडलेल्या या प्रबंधाकडे दशकभर फारसे कोणी फिरकले नाही. ब्राइस डिविट यांनी १९७०च्या सुमारास तो ‘अनेक जगे’ या नावाने पुढे आणला.

या मताची खरी अडचण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दगडातही दाखवता येते. अकोले तालुक्यातील कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचे राज्यातले सर्वोच्च शिखर, बेसॉल्टचे आहे. दख्खनच्या या लाव्ह्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. ते ठरवण्याची एक पद्धत खडकातल्या थोड्याशा पोटॅशियमवर उभी आहे. त्यातले साधारण दहा हजारांत एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी जातीचे असतात आणि त्यांचा अर्धायुष्यकाल सुमारे १२५ कोटी वर्षांचा आहे. ऱ्हास होताना अशा अणूपुढे दोन वाटा असतात. शंभरांतले सुमारे ८९ अणू कॅल्शियम होतात, ११ आर्गॉन. आर्गॉन वायू खडकात अडकून राहतो. तो मोजला की लाव्हा थिजून किती काळ लोटला हे कळते.

कोणता अणू कोणत्या वाटेने जाईल, हे आधी सांगता येत नाही. एव्हरेटच्या मते तो दोन्ही वाटांनी जातो, एका शाखेत कॅल्शियम तर दुसरीत आर्गॉन. मग ११ टक्के म्हणजे काय? दोन्ही गोष्टी घडणारच असतील तर शाखा मोजून निम्मे-निम्मे यायला हवे, आणि मोजमापात तसे मुळीच येत नाही. म्हणजे शाखा मोजून चालत नाही, त्यांना वजन द्यावे लागते. ते किती, हे माक्स बोर्न यांच्या १९२६च्या नियमावरून मिळते. परंतु जे सगळेच घडणार, त्याच्या वजनाला ‘संभाव्यता’ का म्हणावे? लोकप्रिय लेखनात हा प्रश्न बहुधा गाळला जातो, आणि सिद्धांताचा जीव नेमका तिथेच आहे. डेव्हिड डॉइश यांनी १९९९ मध्ये उत्तर मांडले ते असे: शाखा मानणारा विवेकी माणूस निर्णय घेताना याच वजनांनी चालेल, दुसरा मार्ग त्याला नाही. टीकाकारांना यात सिद्ध करायची गोष्ट विवेकाच्या व्याख्येतच आधी घातलेली दिसते.

अस्तित्वाबाबत तर निष्कर्ष अधिक बोचरा आहे. एव्हरेट बरोबर असेल तर एका अत्यल्प वजनाच्या शाखेत एकही अणू आर्गॉन झालेला नाही. तिथले भूशास्त्रज्ञ पूर्ण प्रामाणिकपणे चुकीचे भौतिकशास्त्र शिकवत असतील. मात्र ‘मनात येईल ते कुठेतरी घडतेच’ हा समज खोटा आहे. अक्षय्यतेचे नियम प्रत्येक शाखेत लागू राहतात. पोटॅशियमच्या एकट्या अणूचे सोने होईल, अशी शाखा एव्हरेटच्या जगातही नाही.

मराठी वाचकाला हा विषय डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे परिचित आहे. तिथे विश्वासरावांना लागणारी गोळी निसटते, मराठे जिंकतात आणि इतिहास वेगळ्या वाटेने जातो. पानिपतच्या लढाईच्या त्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ रोजी, योगायोगांना तोटा नव्हता. पारनेर तालुक्यातील जामगावात ज्यांचा वाडा आहे, ते महादजी शिंदे पायावर वार बसून पडले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना वाचवले. ते जन्मभर लंगडले, पण १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्लीत पुन्हा जम बसवला त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

तरी बंदुकीची गोळी आणि अणू यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. दारूची भरणी, नळीचा ओबडधोबडपणा, नेमबाजाचा हात हे सारे ठाऊक असते तर गोळीचा मार्ग बऱ्याच अंशी सांगता आला असता. तिथली अनिश्चितता मुख्यतः माहितीच्या अभावाची आहे. अणूच्या बाबतीत, रूढ मतानुसार, दडलेले कारणच नाही. सूक्ष्म फरक वाढत वाढत गोळीपर्यंत पोहोचू शकतात, म्हणून विश्वासराव जगलेली शाखा एव्हरेटवादी मान्य करतील. तिचे वजन काढण्याची रीत मात्र कोणापाशीच नाही.

शाखांची एकमेकींशी गाठ का पडत नाही, हे १९७० पासून डीटर त्से आणि इतरांनी बऱ्यापैकी उलगडले आहे: भोवतालच्या असंख्य कणांशी गुंतताच शाखांमधला परस्परसंबंध व्यवहारात मोडतो. त्यामुळे दुसऱ्या जगाचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्याची आशा आज नाही, आणि आजवरच्या प्रयोगांत रूढ मत व एव्हरेटचे मत यांची भाकिते सारखीच येतात. तेव्हा निवाडा एकाच मुद्द्यावर व्हायला हवा. कळसूबाईच्या कातळातले ते ८९ आणि ११, बाहेरून काही न घालता, निव्वळ समीकरणातून संभाव्यता म्हणून निघाले पाहिजेत. तसे निर्विवादपणे अजून कोणी करून दाखवलेले नाही.