दहा रुपयांचा स्टॅम्प

माहिती अधिकार कायद्याला १२ ऑक्टोबर २०२५ रोजी २० वर्षे झाली. पुढच्याच महिन्यात, वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या आडून, त्याचे कलम ८(१)(ञ) छाटले गेले. पूर्वी खासगी म्हणून माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे अधिकाऱ्याला सांगावे लागे. आता ‘वैयक्तिक’ एवढे म्हटले की भागते. नुकतीच मी एका कार्यालयाकडे रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका मागितली. तिच्यावर अभियंत्याचे नाव आणि सही आहे, म्हणून ती वैयक्तिक! तो संताप अजून उतरलेला नाही.

राज्याचा २००२ चा कायदा, अण्णा हजारेंची उपोषणे, दिल्लीतले मसुदे यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. मी जगलो ते २००५ नंतरचे दशक. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकून वर्षानुवर्षे माघारी फिरलेली माणसे तेव्हा कारकुनासमोर खुर्ची ओढून बसू लागली. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्सला पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवस. पुणे महापालिकेत तर सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली अर्जाविनाही पाहता येत. निवृत्त शिक्षक, भाजीवाल्या बाई, कॉलेजातली पोरे, सगळे निविदा वाचायला शिकले. आदर्श सोसायटीतली घरे कोणाकोणाच्या पदरात पडली, हे उघड होण्यात अशा अर्जांचा मोठा वाटा होता. २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी १३ जानेवारीला, द्रुतगती मार्गालगतचे जमीन व्यवहार खणणाऱ्या सतीश शेट्टींना तळेगावात सकाळी फिरायला गेले असताना मारले. त्यानंतर आमच्यातल्या काहींना घरच्यांनी अर्ज करू दिले नाहीत. त्यांना दोष कसा द्यावा?

कॅमेरे आले तेही याच काळात. २६/११ झाले, जर्मन बेकरी झाली. चौकाचौकांत कॅमेरे हवेत असे आम्हीही म्हणत होतो आणि ते योग्यच होते. सीएसटीवरचे कसाबचे चित्रण खटल्यात पुरावा ठरले. हरवलेले पोर त्यामुळे सापडत असेल, मंगळसूत्रचोर पकडला जात असेल, तर कॅमेरा हवाच.

पण त्याचे तोंड एकाच दिशेला राहिले. प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावले. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून २०२५ मध्ये त्याला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. मतदान केंद्रांतले चित्रण सर्वसामान्यांना मिळू नये, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला. ज्या रेशन दुकानाची साठा नोंदवही आम्ही तपासायचो, तिथे आता म्हातारीचा झिजलेला अंगठा तपासला जातो आणि तो उमटला नाही तर तिच्यावर रिकाम्या पिशवीने परतायची पाळी येते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले, ते या म्हातारीसाठी. त्याच हक्काची ढाल आज अभियंत्याच्या सहीपुढे धरली जाते, हे मला असह्य होते.

कलम ८(२) अजून शाबूत आहे: जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. प्रथम अपिलात मी तेच लिहिले आहे. सोबत आणखी एक अर्ज टाकला आहे. आमच्या पोलीस ठाण्यातले किती कॅमेरे चालू आहेत, चित्रण किती दिवस ठेवतात आणि ते पाहण्याचा अधिकार कोणाला, एवढे तीनच प्रश्न आहेत त्यात.