हस्तघंटावादन

हातात धरून वाजवावयाच्या, निरनिराळ्या स्वरांत लावलेल्या घंटांच्या संचावर सुरावट वाजविण्याची कला. या घंटेस इंग्रजीत ‘हँडबेल’ म्हणतात. देवालयातील, शाळेतील किंवा मनोऱ्यावरील घंटेचे कार्य मुख्यतः सूचना देण्याचे असल्यामुळे तिला एकच स्वर पुरतो. हस्तघंटेलाही स्वर एकच असतो. परंतु अशा अनेक घंटा क्रमाने वाजवून त्यांतून गीत उभे केले जाते. साहजिकच एका गीताचे स्वर अनेक वादकांत वाटले जातात. दहा-बारा वादकांचे वृंदवादन सर्वाधिक रूढ आहे. तथापि दोघांनीच सर्व संच हाताळून रंगभूमीवरील लोकप्रिय गीते वाजविण्याचा युगलवादनाचा प्रकारही पाश्चात्त्य देशांत विकसित झाला आहे. महाराष्ट्रात ही कला रूढ नाही. मात्र येथील घंटानादाची परंपरा आणि पालघर परिसरातील तारपावादन यांच्याशी तुलना केल्यास तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

रचना व स्वर : हस्तघंटा काशाची असून तीत तांब्याचे प्रमाण सुमारे ८० टक्के व कथिलाचे सुमारे २० टक्के असते. ओतीव घंटा कातयंत्रावर चढवून तिचा धातू थोडाथोडा कातला जातो व तिचा स्वर निश्चित केला जातो. आतील लोळा बिजागरीवर बसविलेला असल्याने तो एकाच प्रतलात पुढे-मागे हलतो आणि स्प्रिंगमुळे टोला दिल्यानंतर घंटेपासून दूर राहतो. त्यामुळे वादकाला एका वेळी नेमका एकच टोला देता येतो. इंग्रजी पद्धतीच्या घंटेत मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट कंप्रतेचा उपस्वर ठळकपणे ऐकू येतो; म्हणजे मूळ स्वर षड्ज मानल्यास वरच्या सप्तकातील पंचम त्यासोबत निनादतो. सर्व शुद्ध व विकृत स्वर धरता दोन सप्तकांच्या संचात २५, तीन सप्तकांच्या संचात ३७ व पाच सप्तकांच्या संचात ६१ घंटा असतात. घामाने धातू डागाळू नये म्हणून वादक हातमोजे वापरतात. नाद थांबवावयाचा असल्यास घंटा खांद्याशी किंवा मेजावरील मऊ गादीला टेकवितात. स्वर केव्हा सुरू करावा याइतकेच तो केव्हा थांबवावा यालाही या वादनात महत्त्व आहे.

इतिहास : सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चच्या मनोऱ्यातील घंटा ठराविक गणिती क्रमाने वाजविण्याची पद्धत विकसित झाली. तिच्या सरावासाठी थंड मनोऱ्यात तासन्‌तास उभे राहावे लागे व शेजाऱ्यांनाही आवाजाचा उपद्रव होई. म्हणून घरात बसून सराव करण्याजोग्या लहान घंटा प्रचारात आल्या. विल्टशरमधील ऑल्डबर्न येथील रॉबर्ट व विल्यम कॉर या बंधूंना सुस्वर हस्तघंटा घडविण्याचे श्रेय सामान्यतः दिले जाते. पुढे सरावाचे हे साधनच स्वतंत्र वाद्य बनले. एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील कामगारवस्त्यांत त्याचे वृंद निघाले आणि मँचेस्टरजवळील बेल व्ह्यू येथे १८५५ पासून त्यांच्या स्पर्धा भरू लागल्या. १८४० नंतरच्या दशकात पी. टी. बार्नम या खेळप्रदर्शकाने लँकाशरच्या वादकांना ‘स्विस घंटावादक’ अशा नावाने अमेरिकेत नेले व मनोरंजनाच्या रंगमंचावर हे वाद्य लोकप्रिय केले. मार्गारेट शर्क्लिफ यांनी १९२३ मध्ये बॉस्टन येथे वादकवृंद स्थापन केला. अमेरिकेतील हस्तघंटावादकांची राष्ट्रीय संघटना १९५४ मध्ये स्थापन झाली.

युगलवादन : वृंदात प्रत्येक वादकाकडे सामान्यतः दोन-तीन घंटा असतात व त्यांचे काम आरंभापासून शेवटपर्यंत ठरलेले असते. युगलात हात चारच असतात. एका हातात दोन घंटा एकमेकींशी काटकोनात धरून मनगटाच्या दिशेप्रमाणे त्या वेगवेगळ्या वाजविता येतात. तरीही एका वेळी आठ घंटांपलीकडे जाणे कठीण असते. गीताला मात्र वीस-पंचवीस किंवा त्याहून अधिक घंटा लागतात. यावर उपाय म्हणून घंटा मेजावर क्रमाने मांडून, एक ठेवीत व दुसरी उचलीत वादन केले जाते. कोणती घंटा कोणत्या हाताने उचलावयाची, ती कोठे ठेवावयाची आणि सहवादकाचा हात त्या क्षणी कोठे असेल, हे सारे आधी बसवावे लागते. कधी एक वादक खालचे व दुसरा वरचे स्वर सांभाळतो, तर कधी मुख्य सुरावटच दोघांत विभागली जाते. एखादी घंटा वेळेवर उचलली गेली नाही, तर ती उणीव भरून काढण्यास सहवादकाचा हात मोकळा नसतो व गीतात तेवढी जागा रिकामी राहते. दोघांपैकी कोणालाही एकट्याने गीत पूर्ण करता येत नाही, हीच या प्रकाराची अडचण व हेच त्याचे आकर्षण होय.

रंगभूमीवरील गीते या वादनास सोयीची ठरतात, याला कारणे आहेत. श्रोत्यांना चाल परिचित असल्यामुळे शब्द नसतानाही गीत ओळखता येते. विसाव्या शतकातील अमेरिकन संगीतिकांमधील पुष्कळ गीतांची बांधणी आठ-आठ मापांच्या चार भागांची असून त्यांपैकी पहिला, दुसरा व चौथा भाग बहुतांशी सारखे असतात. त्यामुळे एकदा बसविलेला हातांचा क्रम पुन्हा उपयोगी पडतो. तिसऱ्या भागात चाल व अनेकदा मूळ स्वरही बदलतो. तेथे घंटांची अदलाबदल वेगाने करावी लागते. घंटेचा नाद टोल्याबरोबर मोठा असतो व क्रमाने विरत जातो. म्हणून गायकाचा दीर्घ स्वर दाखविण्यासाठी घंटा सतत हलवून नाद टिकविला जातो. लोळा बोटाने उडविणे किंवा घंटा गादीवर आपटून तुटक नाद काढणे, अशा युक्तींनी चालीत विविधता आणली जाते.

मराठी नाट्यसंगीत या दृष्टीने भिन्न आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या संगीत शाकुंतल या नाटकापासून रुजलेल्या परंपरेत पदाचे सौंदर्य मींड, गमक व ताना यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे घंटेला शक्य नाही. जलतरंग या वाद्यातही प्रत्येक भांड्याला एकच स्वर असतो. परंतु पाण्याला हलका स्पर्श करून त्यात थोडी आस दाखविता येते. घंटेला ती सोय नसल्याने सरळ स्वररचनेची पदेच तिच्यावर शोभतील.

महाराष्ट्रातील घंटा : स्वरात लावलेल्या घंटांवर चाली वाजविण्याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबई विद्यापीठातील राजाबाई मनोरा होय. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्याच्या घंटा पूर्वी यंत्राच्या साहाय्याने सोळा चाली वाजवीत. पुण्यातील पंच हौद येथील पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात इंग्लंडमध्ये ओतलेल्या आठ घंटांचा संच आहे. उत्तर कोकणातील घंटांचा इतिहास याहून जुना आहे. या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा व मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला. त्यानंतर वसई भागातील चर्चमधील काही घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर व वाईजवळील मेणवली येथे त्या टांगलेल्या आहेत. घंटांचे स्थान बदलले, उपासक बदलले. पण एका स्वराने माणसांना हाक देण्याचे त्यांचे कार्य तेच राहिले.

पालघर परिसरातील युगल : पालघर, बोईसर व तारापूर हा भाग १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन झालेल्या पालघर जिल्ह्यात मोडतो. या जिल्ह्यातील वारली व इतर आदिवासी समाजांच्या तारपानृत्यात दोघांच्या सहकार्याचा वेगळा नमुना आढळतो. तारपा हे वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या व ताडाच्या पानांचा कर्णा मेणाने जोडून केलेले फुंकवाद्य आहे. गालांत हवा साठवून, श्वास न तोडता ते वाजवितात. भात पिकल्यानंतरच्या दिवसांत, रात्री, तारपेकऱ्याभोवती स्त्री-पुरुषांची साखळी फेर धरते. साखळीच्या अग्रभागी असलेला नर्तक घुंगरे लावलेली काठी जमिनीवर आपटून ताल देतो. येथे सर्व सुरावट एकाकडे व ठोका दुसऱ्याकडे असतो. हस्तघंटांच्या युगलात मात्र सूर व ताल दोन्ही दोघांत विभागलेले असतात. तारप्याची चाल बदलली की नर्तकांची पावले बदलतात. म्हणजे येथे सुरावट हीच घंटेप्रमाणे सूचनेचे कार्य करते.

बोईसर-तारापूर भागात १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले व पुढे औद्योगिक वसाहतही वाढली. आता तारपानृत्य महोत्सवांच्या रंगमंचावरही सादर होते. तेथे रात्रभर चालणारा फेर काही मिनिटांत आटोपावा लागतो व चालींपैकी मोजक्याच वाजविल्या जातात. हस्तघंटांची रचना स्वरलिपीत लिहिलेली असल्याने वादकांची जोडी फुटली, तरी दुसरी जोडी ती बसवू शकते. तारप्याच्या चाली मात्र ऐकून शिकल्या जातात. त्यामुळे जी चाल वाजविली जात नाही ती पुढच्या वादकापर्यंत पोहोचत नाही आणि तिच्याबरोबर तिची पावलेही विसरली जातात.